ऑफर लेटर म्हणजे खरेदीखत नव्हे!

‘आपला नकार कंपनीने स्वीकारलेला नाही. ठरल्या तारखेस हजर राहावे.’

लातूरच्या एका मुलीला पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने धाडलेले हे उत्तर आमच्यासमोर आहे. रुजू होण्याला अजून चोवीस दिवस बाकी असताना तिने ई-मेल करून कळवले होते, की मला ही नोकरी करायची नाही. कंपनीचा एक रुपया तिने घेतलेला नव्हता. मुलाखत आणि कागदपत्रांची तपासणी यांपलीकडे त्या इमारतीत तिचे पाऊल पडलेले नव्हते. दुसरीकडे बरी नोकरी मिळाली म्हणून तिने सभ्य शब्दांत आभार मानले आणि ‘नाही’ म्हटले. त्यावर मालक सांगतो, की तुझे ‘नाही’ आम्हांला मंजूर नाही!

मंजूर नाही? नकार हा काय रजेचा अर्ज आहे, की त्यावर साहेबाने शेरा मारावा आणि मग तो लागू व्हावा?

पुढचे तीन आठवडे त्या घराने जे सोसले ते लिहितानाही संताप येतो. एचआरचे दिवसाला पाच-सहा फोन. उचलला तर दरडावणी, नाही उचलला तर व्हॉट्सॲपवर ‘ब्लॅकलिस्ट करू, या इंडस्ट्रीत कुठेच काम मिळणार नाही’ असे निरोप. फॉर्मवर आपत्कालीन संपर्क म्हणून वडिलांचा नंबर दिलेला होता. अपघात झाला, चक्कर आली तर घरी कळावे म्हणून दिलेला नंबर! एसटीत हयात घालवून निवृत्त झालेल्या त्या माणसाला भरदुपारी फोन गेला : ‘तुमच्या मुलीनं कंपनीला फसवलंय. पोलीस केस झाली तर उद्या तिच्या लग्नाच्या वेळी काय सांगाल?’ ज्याने आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, त्याला त्या रात्री झोप आली नाही. रुजू होण्याची तारीख उलटली आणि तिला ‘ॲब्स्कॉन्डिंग’चे पत्र आले. म्हणजे फरार! जी एक दिवसही हजर नव्हती ती फरार कशी होते? सोबत तीन महिन्यांच्या पगाराची मागणी, नोटीस पीरियड न भरल्याबद्दल. जी नोकरी सुरूच झाली नाही, तिचा नोटीस पीरियड! आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, तपासणीच्या दिवशी ‘दोन दिवसांत परत देतो’ म्हणून घेतलेले तिचे मूळ पदवी प्रमाणपत्र आणि सही केलेला कोरा धनादेश आजही त्या कंपनीच्या कपाटात आहे.

अशा हकिकती हिंजवडी, खराडी, ऐरोली इथली पोरे चहाच्या टपरीवर हवापाण्याच्या गप्पांसारख्या सांगतात. हीच आम्हांला सर्वांत भयंकर गोष्ट वाटते. अन्यायाची सवय लागली, की तो अन्याय वाटेनासा होतो, आणि मालक लोक आपला हात तसूतसूने पुढे सरकवत राहतात.

आम्ही या मालकांना विचारतो : तुम्ही त्या मुलीला काय दिले होते? एक कागद. त्यावर पगाराचा आकडा होता आणि रुजू होण्याची तारीख होती. त्या कागदाने तुमच्याकडून तिच्या श्रमाची मागणी नोंदली गेली. तिचे शरीर, तिची बुद्धी, तिचे आयुष्य तुमच्या नावावर चढले नाही. सातबाऱ्यावर फेरफार झाल्यासारखे तुम्ही वागता कशाच्या आधारावर?

कायद्याच्या आधारावर म्हणाल, तर कायदाच उघडू. १८७२चा करार कायदा सांगतो, की प्रस्ताव स्वीकारल्याचे कळवले म्हणजे करार होतो. मुलीने ऑफर लेटरवर सही केली होती, तेव्हा करार झाला, हे आम्ही मान्य करतो. तो तिने मोडला, हेही मान्य. मग पुढे काय? पुढे त्याच कायद्याचे कलम ७३ आणि ७४. करार मोडल्यामुळे दुसऱ्या पक्षाचे जे नुकसान झाले त्याची वाजवी भरपाई. कागदावर दंडाचा आकडा कितीही फुगवून लिहिलेला असो, न्यायालय वाजवी तेवढेच देते, आणि तो आकडा ही फक्त कमाल मर्यादा असते. चोवीस दिवस आधी कळवलेल्या नकाराने तुमचे किती नुकसान झाले, ते न्यायालयात सिद्ध करा. जाहिरातीचा खर्च? ती जाहिरात तुम्ही तिच्या एकटीसाठी दिली नव्हती. मुलाखत घेणाऱ्याचा वेळ? तोच वेळ तुम्ही नाकारलेल्या शेकडो उमेदवारांवरही घातला, त्यांच्याकडून कधी पैसे मागितलेत? आणि उलट बाजूने विचारतो, त्या शेकडो उमेदवारांचे एसटीचे आणि रेल्वेचे भाडे तुम्ही कधी भरून दिलेत?

आणि ‘हजर राहावे’ हा हुकूम? तो देण्याचा अधिकार या देशात कोणत्याही दिवाणी न्यायालयालाही नाही. १९६३च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचे कलम १४ स्पष्ट आहे : ज्या कराराचे पालन माणसाच्या व्यक्तिगत गुणांवर अवलंबून आहे, तो करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही. न्यायाधीश जे करू शकत नाही, ते एचआरचा मॅनेजर टेलिफोनवरून करू पाहतो!

या हट्टाला इतिहास आहे, आणि तो लाजिरवाणा आहे. कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य नुकते आले होते, तेव्हा १८५९ साली कलकत्त्यातल्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या मागणीवरून तेरावा कायदा झाला. कारागिराने किंवा मजुराने आगाऊ पैसे घेतले आणि काम केले नाही, की मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचे. मॅजिस्ट्रेटने हुकूम करायचा, पैसे परत कर नाहीतर कामावर जा. तो मोडला, की तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी जन्मलेला हा कायदा पुढे आसामच्या चहामळ्यांत कुलींच्या मानेवर बसला. नोकरी सोडणे हा तुरुंगात जाण्याचा गुन्हा होता, आणि तो कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. पण त्या कायद्यातली एक अट आजच्या मालकांनी कान देऊन ऐकावी. मजुराने आगाऊ रक्कम घेतलेली असली पाहिजे, ही ती अट. त्या कायद्याखाली आसामचा मळेवालासुद्धा आधी पैसे मोजल्याखेरीज माणसावर हक्क सांगू शकत नव्हता. तुम्ही तर एक छदामही न देता हक्क सांगता. परक्या सत्तेच्या त्या काळ्या कायद्यानेही जे मालकाला दिले नव्हते, ते तुम्ही स्वतंत्र भारतात दमदाटीने घेऊ बघता!

१९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. संपाला बेकायदा ठरवून शिक्षा देण्याची त्यात तरतूद होती. स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाकावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उठले. नोकरीचा करार मोडणे ही फार तर दिवाणी चूक आहे, तिला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला भाग पाडणे, आणि त्यालाच गुलामगिरी म्हणतात, हा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबरला मुंबईचे कामगार त्या विधेयकाविरुद्ध संपावर गेले. पुढे त्याच बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या संविधानात अनुच्छेद २३ आला, वेठबिगारी आणि सक्तीचे श्रम यांना बंदी करणारा. हा अनुच्छेद सरकारपुरता नाही, खासगी मालकावरही तो चालतो, आणि उपाशी माणसाच्या आर्थिक लाचारीतून घेतलेले श्रमही त्यात येऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सांगितले. वेठीचा अर्थ महाराष्ट्राला वेगळा शिकवायला नको. वतनाच्या नावाखाली महारांच्या पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतल्या गेल्या आणि ते वतन कायद्याने संपायला १९५८ साल लागले.

कुणी म्हणेल, वातानुकूलित कचेरीतल्या नोकरीची तुलना वेठीशी करणे अतिशयोक्तीचे आहे. सोसण्याची तुलना आम्ही करत नाही. बीडच्या माळावरून दर हंगामात ऊसतोडीला कारखान्यांकडे निघणाऱ्या कोयत्याचे दुःख या मुलीच्या दुःखाहून शतपटीने मोठे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, आणि उचल फिटली नाही म्हणून माणसे डांबून ठेवल्याच्या तक्रारी. त्या पापावर आम्ही स्वतंत्रपणे लिहू आणि पुन्हा पुन्हा लिहू. पण मुकादमाच्या आणि या मॅनेजरच्या डोक्यात जो विचार आहे, तो एकच आहे : एकदा हो म्हणालास, आता तू माझा. पायातली साखळी हलकी की जड, हा वजनाचा प्रश्न झाला. आमचे भांडण साखळीशी आहे.

आता मालकांची तक्रार ऐकू, कारण त्यांची एक तक्रार खरी आहे. उमेदवार चार-चार ऑफर खिशात ठेवतात, रुजू होण्याच्या सकाळी फोन बंद करतात, आणि प्रकल्प खोळंबतो. ज्या पोराने असे केले असेल, त्याला आम्ही पाठीशी घालणार नाही. त्याने शब्द मोडला आणि आपल्यामागून येणाऱ्या दहा जणांची वाट अवघड केली. पण ही तक्रार करणाऱ्या उद्योगाने स्वतःचा शब्द किती पाळला? २०२३च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नवख्या मुलांना विचारले, साडेतीन लाखांवर येता का? २०२२ साली इन्फोसिसची ऑफर हातात पडलेली सुमारे दोन हजार मुले २०२४ उजाडले तरी रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत होती, आणि त्यांच्या बाजूने पुण्याच्या ‘नाइट्स’ या संघटनेला केंद्रीय कामगार मंत्रालयाचे दार ठोठावावे लागले. त्या मुलांनी शैक्षणिक कर्जाचे हप्ते कुठून भरले? त्यांनी कुणाला नुकसानभरपाईच्या नोटिसा धाडल्या? बाजार बदलला, असे सांगितले की मालकाचा शब्द मोडायला मुभा. आणि मुलीला चांगली नोकरी मिळाली, की तिने शब्द मोडला म्हणून ती फसवी! एकाच करारावर दोन सह्या असतात. एका सहीला बेड्या आणि दुसरीला पंख, असा न्याय आम्ही मानणार नाही.

बॉण्डवाले आमच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाचा २०२५चा निकाल नाचवतील. विजया बँकेच्या त्या खटल्यात तीन वर्षांआधी नोकरी सोडली तर दोन लाख भरण्याची अट न्यायालयाने वैध धरली, हे खरे. पण तो निकाल नीट वाचा. तो अधिकारी रुजू झाला होता, काम करत होता, मग राजीनामा देऊन दुसऱ्या बँकेत गेला. बँक सार्वजनिक क्षेत्रातली. तिला खुली जाहिरात आणि स्पर्धेतूनच भरती करावी लागते, आणि जागा रिकामी झाली की तो सगळा खर्च पुन्हा पडतो, हे न्यायालयाने तोलले. आणि एवढे करूनही त्याला ‘तू जाऊच शकत नाहीस’ असे कुणी म्हटले नाही. पैसे भरून तो गेला. त्याच न्यायालयाने २००६ साली आपल्या श्रीरामपूरच्या जहीर खानच्या खटल्यात करार संपल्यावरही खेळाडूवर पहिला हक्क सांगू पाहणाऱ्या कंपनीची अट करार कायद्याच्या कलम २७खाली निरर्थक ठरवली होती. या दोन निकालांच्या मधल्या मोकळ्या जागेत तुमच्या धमक्यांना कुठेही आसरा नाही.

खरे तर हे या मालकांनाही ठाऊक आहे. म्हणून तर ते न्यायालयात जात नाहीत. त्यांचे हत्यार दुसरे आहे, आणि ते कपाटात ठेवलेले आहे : मूळ प्रमाणपत्र आणि कोरा धनादेश.

मूळ प्रमाणपत्र अडकवणे ही गोष्ट किती गंभीर आहे, याची जाणीव आपल्या समाजाला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या श्रमाची जी लक्षणे ठरवली आहेत, त्यांत माणसाची कागदपत्रे ताब्यात ठेवणे हे एक ठळक लक्षण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शिक्षणसंस्थांना बजावले, की विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रे ठेवून घेऊ नका. २०११-१२च्या सुमारास मुंबई, दिल्ली, केरळ इथल्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर उतरल्या, तेव्हा बॉण्ड रद्द करा आणि आमची प्रमाणपत्रे परत द्या, ही त्यांची मोठी मागणी होती. पदवीचा तो कागद म्हणजे बापाने काढलेले कर्ज, आईने मोडलेले मंगळसूत्र आणि मुलीने जागवलेल्या रात्री यांची एकमेव पावती असते. तपासायला प्रत पुरते, क्यूआर कोड पुरतो, विद्यापीठाला एक ई-मेल पुरतो. मूळ कागद हवा असतो तो ओलीस ठेवण्यासाठी. याला दुसरे कारण नाही, आणि ज्या कंपनीला ते सांगता येईल तिने पुढे यावे, आम्ही छापू.

कोऱ्या धनादेशाचा फास त्याहून कपटी आहे. धनादेश न वटल्याचा गुन्हा कायद्याने देणे लागत असलेल्या रकमेपुरताच होतो, हे बरोबर. पण सही आपली निघाली की देणे होते असे गृहीत धरले जाते, आणि ते नव्हते हे दाखवण्याचे ओझे सही करणाऱ्याच्या डोक्यावर येते. बावीस वर्षांच्या पोराला हे ठाऊक नसते. धनादेश मागणाऱ्याला मात्र पक्के ठाऊक असते.

आणि आमची महाविद्यालये? ज्यांनी मुलांच्या पाठीशी उभे राहायचे, ते प्लेसमेंट अधिकारी स्वतः फोन करून सांगतात, ‘तू नाही गेलास तर कंपनी पुढच्या वर्षी आपल्या कॅम्पसला येणार नाही, तुझ्या ज्युनियरांचं वाटोळं होईल.’ धाकट्या भावंडांची शपथ घालून थोरल्याला गहाण टाकण्याचा हा प्रकार आहे. कंपनी रुसेल म्हणून विद्यार्थ्याला तिच्या दारात ढकलणारा प्राचार्य शिक्षक या पदाला पात्र राहत नाही. विद्यापीठांनी असल्या महाविद्यालयांना लेखी जाब विचारला पाहिजे, आणि पुण्यातल्या विद्यापीठाने ही सुरुवात या वर्षीच्या भरतीच्या हंगामाआधी केली पाहिजे.

सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. अशी मुलगी कामगार कार्यालयात गेली, तर ऐकवले जाते, की तू अजून कामगारच नाहीस. पोलिसांत गेली, तर हे दिवाणी प्रकरण आहे म्हणून परत पाठवतात. या दोन दारांमधल्या बोळात तिला गाठून मारले जाते. महाराष्ट्राने २०१७ साली दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा केला. त्यात आणखी एक कलम घालावे : भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर मूळ कागद आणि कोरा धनादेश घेणे दंडनीय, रुजू होण्याआधी लेखी नकार पोचला की तो त्या क्षणी लागू, त्याला कुणाची संमती लागत नाही, त्यानंतर उमेदवाराशी पत्राखेरीज आणि तिच्या घरच्यांशी कोणत्याही मार्गाने संपर्क नाही. तक्रार रुजू न झालेल्या उमेदवारालाही करता यावी. इतके करायला एक अधिवेशन पुरेसे आहे, आणि कामगारमंत्र्यांनी ते येत्या अधिवेशनात करावे. १८९० साली गिरण्यांतल्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या सभा, अर्ज आणि ‘दीनबंधु’तले लिखाण यांच्या दबावाने. मालकांच्या दयेवर सोडले असते तर आजही रविवारी भोंगा वाजला असता.

तोवर ज्यांच्या दारात हे संकट उभे आहे, त्या मुलामुलींशी दोन शब्द. नकार लेखी द्या, एका वाक्यात द्या, तारखेसह द्या. खोटे कारण सांगू नका, आजाराचे निमित्त करू नका. नको आहे, एवढेच पुरे आहे. जॉइनिंग बोनस घेतला असेल तर तो त्याच दिवशी परत करा, लॅपटॉप आला असेल तर पोचपावती घेऊन परत पाठवा. मग फोनवर बोलणे बंद, जे असेल ते लिहून कळवा म्हणून सांगा. लिहून कळवा म्हटले, की अर्ध्या धमक्या विरून जातात. दावा लावू असे म्हणण्याचा मालकाला हक्क आहे, त्याला भिऊ नका, उत्तर द्या. पण तुमची बदनामी करू, करिअर संपवू असे दरडावून तुमच्याकडून जे करण्यास तुम्ही बांधील नाही ते करून घेऊ पाहणे, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१खाली गुन्हेगारी धाकदपशात मोडू शकते. निरोप पुसू नका, जपून ठेवा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी मुलगी गप्प बसली असेल, तर तिने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. १९८७च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तिथे विनामूल्य वकील मिळतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

आणि आईबापांना हात जोडून सांगतो : असा फोन आला तर मुलीवर ओरडू नका. ‘कशाला एवढ्या मोठ्या कंपनीशी वाकडं घेतलंस’ म्हणू नका. तुमच्या घाबरण्यावरच त्या फोनचा सगळा भरवसा आहे. लातूरच्या त्या निवृत्त चालकाने तिसऱ्या फोनला उत्तर दिले, ‘माझी मुलगी नाही म्हणालीय ना, मग नाही.’ आणि ठेवून दिला. त्यानंतर त्यांना फोन आलेला नाही.

प्रमाणपत्र आणि धनादेश मात्र अजून आलेले नाहीत. ज्यांच्या कपाटात ते आहेत, त्यांना आपण कोण हे वाचताना कळलेच असेल. उद्या सकाळी कपाट उघडा आणि दोन्ही रजिस्टर पोस्टाने लातूरला पाठवा.